इंजिन बंद, आवाज चालू : रेडिएटर फॅनच्या एका तक्रारीचा माग

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कराडला आमच्या गॅरेजमध्ये एक लहान पेट्रोल हॅचबॅक आली. आठ वर्षं जुनी, ७२ हजार किलोमीटर झालेली, एका हातातली. चालवणाऱ्या मॅडम प्राथमिक शिक्षिका. रोज पंचवीसेक किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन येतात आणि वाटेत साखर कारखान्याचं गेट लागतं. गाळप हंगामात त्या गेटसमोर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, तिच्यामागे पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं हे रोजचंच. या गेटाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तक्रार आवाजाची होती. "भाऊ, पुढून घरघर येते. दिवाळीनंतर फक्त एसी लावला की यायची. आता एसी बंद असला तरी येते. वर्गातल्या पोरांनासुद्धा कळतं, बाई आल्या म्हणून."

त्याआधी दोन उपाय झालेले होते. डिसेंबरमध्ये कुणीतरी बॉनेट उघडून गंज सोडवायचा स्प्रे फॅनच्या मधोमध मारला होता. चार दिवस आवाज गेला, पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठा होऊन आला. मग फेब्रुवारीत दुसऱ्या एका गॅरेजात बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग बदललं. आवाज तसाच. काढलेलं बेअरिंग मॅडमनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवलं होतं, ते त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. बोटात धरून फिरवलं तर लोण्यासारखं फिरत होतं. खर नाही, ढिलेपणा नाही. चांगला पार्ट काढला गेला होता. त्या मेकॅनिकला मी फार दोष देत नाही. या गाडीत अल्टरनेटर आणि फॅनची मोटर यांच्यात जेमतेम एक वीत अंतर आहे, आणि बॉनेटखाली आवाज पत्र्यावरून असा पसरतो की कान सहज फसतो. पण कान फसतो हे माहीत असेल, तर पार्ट सोडवण्याआधी आवाजाची फोड करून घेतली पाहिजे.

गाडीला हात लावण्याआधी मी मॅडमना दोन गोष्टी विचारल्या. हायवेला ऐंशीच्या वेगात आवाज असतो का? त्या म्हणाल्या, "नाही, हायवेला नसतो. कारखान्याच्या गेटपाशी आणि शाळेत गाडी लावताना येतो." दुसरं, चावी फिरवून इंजिन बंद केल्यावर काय होतं? त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "बंद केल्यावरही थोडा वेळ येत राहतो. मला वाटायचं इंजिन थंड होत असेल."

या दोन उत्तरांनी अर्धं काम झालं. अल्टरनेटर, पट्ट्याचा टेन्शनर आणि एसी कॉम्प्रेसरची पुली हे सगळे इंजिनच्या पट्ट्यावर फिरतात. या गाडीत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर आहे. इंजिन थांबलं की पट्टा थांबतो, आणि पट्टा थांबला की यातलं काहीही आवाज करू शकत नाही. त्यानंतरही फिरत राहणारी वस्तू बॅटरीवरच चालत असली पाहिजे, आणि बॉनेटच्या पुढच्या भागात तशी एकच मोठी वस्तू आहे, रेडिएटरचा फॅन. या गाडीत इंजिन तापलेलं असेल तर चावी काढल्यावरही तो काही वेळ चालतो. हायवेचं उत्तरही याच्याशी जुळतं. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवायला पुरतो, त्यामुळे एसी बंद असेल तर फॅनला फारसं काम पडत नाही. गाडी उभी राहिली की वारा संपतो आणि फॅनची पाळी येते.

तरीही अंदाजावर मोटर बदलायची नसते. विशेषतः एसी लावल्यावर येणारा आवाज फार फसवा. एसीचं बटण दाबलं की दोन गोष्टी एकदम घडतात, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा क्लच बसतो आणि फॅनही सुरू होतो. खराब कॉम्प्रेसरवाला आणि खराब फॅनवाला दोघंही एकच वाक्य बोलतात, "एसी लावला की आवाज येतो."

म्हणून दोघांना वेगळं केलं. इंजिन आयडलला ठेवून एसी लावला, घरघर सुरू झाली. एसी, इंजिन सगळं बंद केलं, फॅनचा कनेक्टर काढला आणि पुन्हा इंजिन व एसी सुरू केला. कॉम्प्रेसर बसल्याचा टक आवाज आला, पण घरघर नाही. अशा अवस्थेत गाडी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवायची नाही, कारण हवा न मिळाल्याने एसीच्या गॅसचा दाब झपाट्याने वाढतो. लगेच बंद केली. मग उलटी परीक्षा. इंजिन बंद, चावी बाहेर, आणि फॅनच्या दोन वायरींना बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने थेट पुरवठा. बॉनेटखाली दुसरं काहीही फिरत नसताना तीच घरघर पूर्ण जोरात आली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "हाच. अगदी हाच."

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चावी काढलेली आहे म्हणून फॅनमध्ये हात घालू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान चढलं की फॅन आपणहून सुरू होतो, आधी सूचना वगैरे काही देत नाही. आमच्याकडे नियम असा की कनेक्टर निघाल्याशिवाय पात्यांना बोट लागत नाही. आणि बॉनेट उघडल्यावर ओढणी, मफलर, सैल बाही यांची आधी सोय लावायची.

आता हाताने तपासणी. निरोगी मोटरचा फॅन हाताने सावकाश फिरवला तर ठरावीक अंतराने हलका अडथळा लागतो, खाचेवरून सरकल्यासारखा. तो आतल्या चुंबकांचा, त्यात वावगं काही नाही. नवी पोरं याला बिघाड समजतात. खरी खूण त्या दोन अडथळ्यांच्या मधल्या जागेत असते. तिथे फॅन मोकळा जायला हवा. इथे तिथेही खरखर लागत होती, जणू ओल्या वाळूतून काहीतरी ओढतोय. मग एका पात्याचं टोक चिमटीत धरून पुढे-मागे हलवलं. टोक चार-पाच मिलिमीटर हललं आणि आतून टक-टक असा बारीक आवाज आला. मी मदतनीस पोराला हात लावायला दिला. त्याने दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, बुश गेलाय." बुश म्हणजे मोटरचा दांडा, शाफ्ट, ज्यात फिरतो ती धातूची छोटी नळी.

थेट पुरवठा तोडल्यावर फॅन थांबायला किती वेळ लागतो हेही पाहिलं. चांगला फॅन वीज तुटल्यावर काही सेकंद आपल्या वेगावर फिरत राहतो आणि हळूहळू निवतो. हा दोनेक सेकंदांत, कुणी हाताने धरल्यासारखा उभा राहिला. मॅडमना चावी काढल्यावर जास्त वेळ आवाज ऐकू यायचा, तो या गतीचा नव्हता. तिथे गाडीचं कंट्रोल युनिटच फॅनला वीज देत होतं.

त्यानंतर करंट मोजला. क्लॅम्प मीटर डीसीवर चालणारा हवा, घरच्या वायरिंगचा फक्त एसी (प्रत्यावर्ती) करंट मोजणारा मीटर इथे उपयोगाचा नाही. गाडीच्या स्वतःच्या वायरिंगवर फॅन पूर्ण वेगात असताना १६.४ अँपिअर दिसला. याच मॉडेलच्या चांगल्या फॅनला आम्ही १० च्या आसपास पाहतो. फॅन हळू फिरतोय आणि तरी करंट जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं. पण डीसी मोटर फिरताना स्वतः उलट दिशेचा व्होल्टेज तयार करत असते आणि तोच करंटला आवरून धरतो. बुश घासून मोटर मंदावली की हा आवर सुटतो आणि करंट चढतो.

आणि चढलेला करंट मोटरपुरता थांबत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फॅनच्या कनेक्टरपर्यंत व्होल्टेज किती पडतो ते मोजलं, तर १.२ व्होल्ट. अर्थिंगच्या बाजूला ०.१, म्हणजे तिकडे ठीक. कनेक्टर उघडला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक गुळाच्या काकवीच्या रंगाचं झालेलं, पीन सैल आणि काळी. १.२ गुणिले १६.४ म्हणजे जवळपास २० वॅट उष्णता, आणि त्यातली बहुतेक त्या एका पिनेत. एवढ्या वॅटच्या लहान सोल्डरिंग आयर्नने आपण डाग लावतो. तेवढी उष्णता रोज तासभर त्या प्लास्टिकला मिळत होती. नुसती मोटर बदलून गाडी दिली असती, तर काही महिन्यांत कनेक्टर वितळून फॅन बंद पडला असता आणि इंजिन तापलं असतं.

फॅनची असेंब्ली काढायला फार कष्ट नाहीत. वरचे दोन बोल्ट १० नंबरच्या पान्याने निघतात, पाण्याची बाटली बाजूला घ्यायची, वायर क्लिपा सोडवायच्या आणि पूर्ण चौकट वर ओढायची. बाहेर आल्यावर श्राउडच्या, म्हणजे पात्यांभोवतीच्या कड्याच्या, आतल्या बाजूला खालच्या अंगाला एक चकचकीत कमान दिसली, साधारण वीतभर लांब. पात्यांची टोकं तिथे घासत होती. शाफ्ट झुकला की हे होणारच. म्हणजे मॅडमना ऐकू येणाऱ्या आवाजात दोन आवाज मिसळलेले होते, बुशची घरघर आणि त्यावर पात्यांची खर्रखर्र. दुसरा नंतर सुरू झालेला. एसीशिवायही आवाज जाणवू लागला त्याचं एक कारण हे असणार.

पाती मोटरवरून काढताना पोरगा नटवर जोर लावायला लागला, त्याला थांबवलं. काही मोटरींवर हा नट उलट्या आट्यांचा असतो आणि ही त्यातलीच. सरळ फिरवत राहिलं तर आटे जातात किंवा पात्याच्या मधल्या भागाला चीर पडते. पाती बुडाशी नीट पाहून घेतली, चीर नव्हती. चीर गेलेलं किंवा टोक तुटलेलं पातं असतं, तर आवाजाआधी स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवली असती.

जुनी मोटर टाकून देण्याआधी मी उघडतोच. ती का गेली हे तिच्या पोटातच लिहिलेलं असतं. पत्र्याच्या कळ्या पकडीने सरळ करून झाकण काढलं. आत काळ्या कार्बनच्या भुकटीचा थर, पुढच्या बुशपाशी ती भुकटी तेलात मिसळून काजळासारखी झालेली, आणि त्या काजळात पितळी चमक. ती चमक बुशच्या झिजलेल्या धातूची. हे बुश कांस्याच्या भुकटीतून दाबून केलेले असतात, त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत कारखान्यातच तेल मुरवलेलं असतं आणि तेच तेल त्यांना जन्मभर पुरवायचं असतं. डिसेंबरमध्ये मारलेल्या स्प्रेने नेमकं तेच पातळ करून धुऊन काढलं. चार दिवस ओलावा होता तोवर आवाज दबला. मग राहिलं ते कोरडं छिद्राळ कांस्य आणि त्यावर फिरणारा लोखंडी शाफ्ट. बुशचं गोल भोक अंडाकृती झालं होतं, शाफ्टवर नखाला लागेल अशी कड पडली होती. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन एका बाजूने जास्त झिजले होते आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल चरा होता.

नुसता नवा बुश ठोकून देता आला असता. आमच्याकडे मोटर रिवाइंडिंगवाले तो बसवून देतात आणि काही मोटरींना ते पुरतं. इथे शाफ्टच झिजलेला होता, त्यामुळे नवा बुश जास्त टिकला नसता. पाती आणि श्राउड चांगले असल्याने अख्खी असेंब्लीही नको होती. फक्त मोटर बदलायची ठरली. खर्च असेंब्लीच्या निम्म्यापेक्षा कमी आला.

पण माझं डोकं दुसऱ्याच प्रश्नात अडकलं होतं. ७२ हजार किलोमीटरला ही मोटर इतकी का झिजली? फॅन काढण्याआधी आम्ही गाडी आयडलला ठेवून, एसी बंद करून, स्कॅनर लावून घड्याळ पाहिलं होतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ९७ अंशाला गेला की फॅन सुरू, ९२ ला बंद, हे आकडे ठीक. पण फॅन तीन मिनिटं चालायचा आणि एक मिनिटसुद्धा थांबायचा नाही, पुन्हा सुरू. कूलंटची पातळी बरोबर होती, थर्मोस्टॅट वेळेवर उघडत होता, कॅप दाब धरत होती. मग पाण्यातली उष्णता हवेत जाताना कुठे अडते?

समोरच्या जाळीतून पाहिलं तर एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर स्वच्छ. मॅडम दर महिन्याला वॉशिंग सेंटरला गाडी देतात, तिथे जाळीवर जोराचं पाणी मारतात. गोम तिथेच होती. एसीचा कंडेन्सर पुढे, इंजिनचा रेडिएटर मागे, आणि दोघांत बोटभर फट. वरचे ब्रॅकेट सोडून, एसीची लाईन न उघडता, कंडेन्सर तीन-चार इंच पुढे झुकवला आणि टॉर्च आत धरला. रेडिएटरच्या खालच्या एक तृतीयांश भागावर जुन्या गोधडीतून कापूस निघावा तसा तपकिरी थर चिकटलेला होता. डिस्मिसच्या (स्क्रूड्रायव्हरच्या) टोकाने उचलला तर अखंड पापुद्रा निघाला. पोराने तो प्रकाशात धरला. त्यात बगॅसचे, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडाचे, तंतू होते, पाचटाचे तुकडे, किडे, आणि सगळ्याला धरून ठेवणारी बारीक धूळ.

कारखान्याच्या गेटसमोर रोज पंधरा-वीस मिनिटं इंजिन सुरू, फॅन सुरू, आणि हवेत उडणारे बगॅसचे तंतू फॅन आत ओढतोय. कंडेन्सरच्या पत्त्यांवर ते अडकत होते, पण महिन्यातून एकदा समोरून मारलेल्या पाण्याने ते आणखी आत, त्या फटीत ढकलले जात होते. बाहेरून जाळी लखलखीत दिसायची. रेडिएटरचा श्वास कोंडत गेला, फॅन जास्त चालू लागला, बुश झिजला, करंट चढला, पीन जळाली. सुरुवात मोटरच्या दोषाने झालीच नव्हती.

सफाई उलट दिशेने केली, इंजिनच्या बाजूकडून समोर. आधी कमी दाबाची हवा, मग नळाच्या साध्या पाइपचं पाणी, मऊ ब्रशने पत्त्यांच्या रेषेतच. आडवा ब्रश मारला की कागदासारख्या पातळ पत्त्या मिटतात. मिटलेल्या काही पत्त्या बारीक टोकाने सरळ करण्यात आमच्या पोराचा अख्खा तास गेला आणि तो तास वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही.

नवी मोटर लावून, कनेक्टरच्या दोन्ही पिना आणि वायरचा जळका तुकडा बदलून गाडी सुरू केली. सगळ्यात आधी दिशा पाहिली. बाजारात मिळणाऱ्या मोटरींमध्ये वायरींचे रंग नेहमी जुळतातच असं नाही आणि उलट जोडलेला फॅन उलट फिरतो. आवाज येत नाही, वाराही लागतो, पण चालत्या गाडीत तो समोरच्या वाऱ्याशी झुंजत राहतो. तपासायला वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीला लावायचं. चिकटून राहिलं तर ठीक. पान चिकटलं. करंट ९.८ अँपिअर, व्होल्टेजची घट ०.२. आवाज म्हणाल तर फक्त वाऱ्याचा. एसी बंद ठेवून पुन्हा घड्याळ लावलं. फॅन सव्वा मिनिट चालला आणि तीन मिनिटांहून जास्त थांबला.

जुन्या डिझेल जीपवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. ज्या गाड्यांत फॅन पट्ट्यावर आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा व्हिस्कस क्लच असतो, तिथे इंजिन बंद करून ऐकायची युक्ती चालत नाही, कारण फॅन इंजिनबरोबरच थांबतो. तिथे क्लचच्या पुढच्या तोंडावर तेलकट धुळीची चक्राकार रेघ शोधायची. ती दिसली तर तेल गळतंय. इंजिन गरम असताना बंद करून पातं हाताने फिरवायचं. अडत-अडत फिरलं तर क्लच पकडतोय, भिंगरीसारखं मोकळं फिरलं तर सुटलाय. उलट थंड इंजिनलाही रेस देताच विमानासारखा घोंघाट येत राहिला आणि काही मिनिटांनीही कमी झाला नाही, तर क्लच जाम झालाय.

गाडी देताना मॅडमनी विचारलं, "मग आता गेटसमोर एसी लावायचा नाही का?" लावा की. उन्हात गाडीत बसून घामाघूम व्हायचं काही कारण नाही. फक्त रांग जास्त वेळ हलणार नसेल तर इंजिनच बंद करा, आणि वॉशिंग सेंटरला बजावून सांगा की जाळीवर प्रेशरचा पाइप धरायचा नाही. हंगाम संपला की वर्षातून एकदा कंडेन्सर झुकवून मधली फट साफ करून घ्यायची, हे त्यांच्या सर्व्हिस बुकात मी हाताने लिहून दिलं.

जुलैत पाऊस लागल्यावर त्या वायपर बदलायला आल्या, तेव्हा पुन्हा एकदा कनेक्टर उघडून पाहिला. पिना स्वच्छ होत्या. करंट ९.९. कंडेन्सरच्या मागे टॉर्च धरला तर रेडिएटरच्या पत्त्या वरपासून खालपर्यंत दिसत होत्या, आणि खालच्या कोपऱ्यात बगॅसचा एकच तंतू अडकला होता. तो चिमट्याने काढून टाकला.